चौथी पाळी

कारखान्याच्या पाळ्या तीन.
आम्ही चौथीत वाजवायचो,
रात्रीचा भोंगा होऊन गेल्यावर,
ओज्वाल्दच्या बापाच्या कबुतरखान्याखाली,
खिडक्यांना जुन्या गाद्या लावून.
तरी सकाळी शेजारीण मादाम पिरोत दारात:
"रात्री माझ्या कपाटातल्या बशा चालतात."
आम्हाला ती दाद वाटली.
तेवढी खरी दाद पुढे कुणी दिली नाही.

बँडचं नाव क्रासिए.
भट्टीची मळी ओतून ओतून जो डोंगर होतो
त्याला आमच्याकडे म्हणतात.
वरून विझलेला, पोटात वर्षानुवर्षं ऊन.
ऊग्रेत बर्फ पडलं
की तो तेवढा काळा.

त्र्याऐंशी साल. रेकॉर्ड काढायची तर पदरमोड.
गिस्लँनं मोपेड विकली,
दोनातोनं आईनं त्याच्या लग्नासाठी ठेवलेले उचलले,
मी काय विकलं ते सांगत नाही.
वेर्विएत, अकॉर्डियनच्या दुकानामागे,
दोन रात्रींचं भाडं.
यंत्रापाशी मस्यू क्लोसे,
जन्मभर लग्नांतले वाल्ट्झ टिपलेले.
गिटार जरा वर गेली
की दूध उतू जातंय तसे धावायचे
आणि बटण खाली.

पाचशे प्रती.
मुखपृष्ठावरची भट्टी छापखान्यात उलटी झाली,
लोक म्हणाले, बादली कुणी सांडली?
आणि दुसऱ्या बाजूचं भोक
केसभर सरकलेलं,
म्हणून शेवटचं गाणं दर फेऱ्याला
जरा चढतं, जरा उतरतं,
पिऊन आलेल्या माणसानं
नदीचा कठडा धरून घरी जावं तसं.

ब्रुसेल्सच्या एका मासिकात दोन ओळी आल्या.
दुसरी आमच्याबद्दल नव्हती.

एकसष्ट खपल्या.
उरलेल्या बघून ओज्वाल्दचा बाप म्हणाला,
"ही पुठ्ठी कुणाला लागतात का?"
आणि कबुतरखान्याच्या उत्तरेच्या भिंतीला आतून
ओळीनं ठोकली, कव्हराच्या कोपऱ्यांतून खिळे,
तबकडीला धक्का न लावता.
त्या उन्हाळ्यात त्याचं करडं कबुतर
बार्सिलोनाहून गावात सर्वांआधी परतलं.
आमच्या रेकॉर्डच्या नावावर
एवढं एक यश.

मग भट्टी गार झाली.
दोनातो ट्रक चालवायला लागला
आणि नामूरच्या वळणावर राहिला.
ओज्वाल्दचे कान गेले; कबुतरं बापाची, आता त्याची.
गिस्लँ विमा विकतो.
मी शाळेची बस.

गेल्या ऑक्टोबरात तांपेरेहून एक बाई आली.
रित्वा. दातांची डॉक्टर.
तिच्या मामाला कुठल्याशा ट्रकतळावर
एका इटालियन ड्रायव्हरनं रेकॉर्ड दिली होती,
सिगारेटच्या दोन पाकिटांवर.
माझ्या स्वयंपाकघरात कोट न काढता
तिनं शेवटचं गाणं म्हणून दाखवलं,
आमच्या भाषेचा एक शब्द न येता,
आणि जिथे जिथे तबकडी डगमगते
तिथे तिथे तिचा आवाज.
ते आम्ही नाही हो, म्हणणार होतो,
ते भोक आहे.
नाही म्हटलं.

शेवटच्या ओळीचे शब्द तिनं तीनदा विचारले.
छापायला पैसे नव्हते तेव्हा.
कागद नाही, दोनातो नाही,
आणि मी उभा असायचो ओज्वाल्दच्या झांजांशेजारी,
मला तो कधी ऐकूच आला नाही.
तिथे ती काहीतरी म्हणते,
जगातल्या कुठल्याच भाषेतलं नाही,
पण बसतं.
"पुन्हा म्हणा," मी म्हटलं,
आणि टेबलाच्या कडेवर
डाव्या हाताची बोटं जागा शोधू लागली.

निघताना तिला भिंतीवरची एक हवी होती.
ओज्वाल्दनं पक्कडीनं चार खिळे काढले,
शीट अंगठ्यानं खरवडली, बाहीला पुसली,
दिली.
तिनं पाकीट उघडलं.
तो मोठ्यानं म्हणाला, बहिरे बोलतात तसं,
"पैसे नकोत. थंडीच्या आत
एक पुठ्ठा पाठव.
याच मापाचा."